डीजे नको, निवेदक चालेल

आमच्या मंडळाने ठराव केला होता की गणपतीत डीजे नको. ठराव केला कुठे, तर लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, जिथे खुर्ची जोरात सरकवली तरी केअरटेकर दार उघडून आत बघतो. डीजे कोण आणणार होतं आणि कुठल्या रस्त्यावर लावणार होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आमचे सेक्रेटरी नुकतेच पुण्याहून परतले होते. तिथल्या एका मिरवणुकीत त्यांच्या भावाच्या खिडकीची काच तडकली, आणि ती काच डोक्यात घेऊनच ते विमानात बसले असावेत. त्यांनी ठराव मांडला, दोघातिघांनी हात वर केले, बाकीच्यांचं लक्ष समोशांकडे होतं. ठराव पास झाला.

डीजे म्हणजे खरं तर माणूस असतो, हे मराठी माणूस विसरूनच गेलाय. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. डीजे लावतात, डीजे बंद पाडतात, डीजेवर केस करतात. डीजेला कुणी चहा विचारत नाही. मी गणिताची मास्तरीण होते, इथल्या सेकंडरी शाळेत वर्षानुवर्षं अपूर्णांक शिकवले, पण या शब्दाने माझी जी फजिती केली ती कुठल्याही अपूर्णांकाने केली नाही.

झालं असं, की दुसऱ्या दिवशी मी हा ठराव शेजाऱ्यांना सांगायला गेले. मला राग आला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय उतरत नाही, आणि आमचे हे माझा राग ऐकताना पेपर वाचतात. हे भूल देणारे डॉक्टर. आयुष्यभर माणसं झोपवली, त्यामुळे समोरचा बोलत राहिला तर आपलं काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत असावं.

आमचे शेजारी जमैकाचे. आम्ही या घरात आलो त्याच्या कितीतरी आधीपासून ते इथे आहेत. छापखान्यात नोकरी केली, रिटायर झाले, बायको गेली, मुलगा कॅनडात स्थायिक झाला. आमची ओळख झाली ती माठामुळे. मी मागच्या वाफ्यात माठ लावला होता. ते कुंपणावरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही तर आमची भाजी. तुमच्याकडे कशी आली?" मी म्हटलं, आमचीच आहे, तुमच्याकडे कशी गेली ते विचारा. तेव्हापासून ते मला 'नेबर' म्हणतात आणि मी त्यांना. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, त्यांचं त्यांच्या बेटाच्या वळणाचं, माझं फळ्यासमोरचं.

ठराव कितीही वेडा असला तरी डीजेचा राग मलाही होताच, मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. कानाचे पडदे, म्हाताऱ्या माणसांची हृदयं, लहान मुलांची झोप, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग घसा खाकरून म्हणाले, "नेबर, मी डीजे होतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं.  डोक्यात ट्रक येत होता, स्पीकर येत होते, आणि समोर निळ्या स्वेटरमधला एक सडपातळ म्हातारा हातात पाण्याची झारी घेऊन उभा होता. ते म्हणाले, "डॉक्टरांना घेऊन या. ऐकवतो."

आम्ही गेलो. त्यांच्या बैठकीत सोफ्याच्या मागे रेकॉर्डची खोकी होती. इतकी वर्षं मी त्या सोफ्यावर बसून चहा प्यायले आणि मागे काय आहे हे कधी विचारलं नाही. त्यांनी एक रेकॉर्ड माझ्या हातात दिली. मधल्या गोल कागदावर गाणारा म्हणून त्यांचं टोपणनाव, लिहिणारा म्हणून तेच, निर्माता म्हणूनही तेच. मी म्हटलं, छापताना चूक झालीय का? ते हसले. "छापली मीच. चूक नाही. दुसरं कुणी नव्हतंच."

ते तरुण असताना लंडनमध्ये रेकॉर्ड काढणारे लोक होते, पण ते तरुण पोरांना सांगायचे की जमैकातल्या किंग्स्टनबद्दल बोल, समुद्राबद्दल बोल, ते खपतं. नेबरना बोलायचं होतं बसच्या वरच्या मजल्यावरून दिसणाऱ्या वॉटफर्डबद्दल. धुकं, बेकारभत्त्याच्या ऑफिसची रांग, खोली भाड्याने देताना दार अर्धंच उघडणारी बाई. ते कुणालाच नको होतं. मग त्यांनी एक स्टुडिओ दुपारपुरता घेतला, छापखान्यातले दोन मित्र ड्रम आणि बास गिटार वाजवायला आणले, आणि स्वतःच स्वतःची रेकॉर्ड काढली. एक काढली, मग दुसरी, मग सवयच लागली. न्हाव्यांच्या दुकानांतून आणि गाडीच्या डिकीतून विकल्या. असं करणारे इथे ते जवळजवळ पहिलेच, असं आता लोक म्हणतात. तेव्हा कुणी काहीच म्हणालं नाही.

त्यांनी रेकॉर्ड लावली. आधी बास आला, आणि कुणीतरी वरच्या खोलीत कपाट सरकवतंय असं मला वाटलं. मग त्यांचा तरुण आवाज आला. तो गात नव्हता. बोलत होता, पण असं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. ठेक्यावर पाय ठेवत, मध्येच मागे राहत, मध्येच धावत पुढे जात. मला एक शब्द कळला नाही. 'बस' कळला, तोही बहुधा चुकीचा. आमचे हे मात्र डोळे मिटून मान हलवत होते. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या बोलण्यावर त्यांनी तशी मान हलवली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं.

"दुसरी बाजू," नेबर म्हणाले आणि रेकॉर्ड उलटली. तेच संगीत, तोच बास, पण आवाज नाही. कुठे कुठे एखादा तुटका शब्द प्रतिध्वनीसारखा यायचा आणि विरून जायचा. मी म्हटलं, "हिच्यात बिघाड आहे."

"हिला व्हर्जन म्हणतात. आवाज काढून टाकलाय."

"का?"

"दुसऱ्या कुणाला बोलायचं असेल तर जागा हवी."

हे माझ्या डोक्यावरून गेलं. पैसे देऊन माणूस अशी रेकॉर्ड का घेईल जिच्यातून गाणाराच काढून टाकलाय? मी घरी येईपर्यंत हाच विचार करत होते. हे मात्र दारात बूट काढताना म्हणाले, "अगं, त्यांचा आवाज असा किती दिवस आहे?"

"असा म्हणजे?"

"घोगरा."

मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, थंडी आहे. हे दुसऱ्या दिवशी स्वतः कुंपणापाशी गेले. ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. तपासण्या झाल्या, नळी घालून बघितलं, तुकडा काढून पाठवला. एका सकाळी नेबरनी मला कुंपणावरूनच सांगितलं, माठाचं बी मागावं इतक्या साधेपणाने. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, सगळंच. गणपतीनंतरच्या आठवड्यातली तारीख मिळाली होती.  मी यांच्याकडे धावले. यांनी समजावलं की जीव वाचेल, गळ्याला भोक पाडतील, श्वास तिथून घेतील, पुढे झडप बसवून थोडंफार बोलताही येईल. "पण तो आवाज त्यांचा नसेल," हे म्हणाले, आणि पेपर न उघडता बसून राहिले.

नेबरनी एकच गोष्ट मागितली. कुणाला सांगायचं नाही. "लोकांना कळलं की ते माझं ऐकत नाहीत, नेबर. माझ्या घशाकडे बघतात." मी शब्द दिला. माझ्यासारख्या बाईला हा शब्द पाळणं किती जड आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो पुन्हा एकदा मागून घेतला.

हॉस्पिटलमधल्या एका मुलीने, वाचा-उपचार करणाऱ्या थेरपिस्टने, त्यांना एक मार्ग सुचवला. आत्ताचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला तर कॉम्प्युटर पुढे त्याच आवाजात बोलू शकतो. जुनी रेकॉर्डिंग्ज असतील तरी आणा, ती म्हणाली. नेबर खोकं घेऊन गेले आणि खोकं घेऊन परत आले. तिने सगळं ऐकलं होतं, तिला आवडलंही होतं, पण उपयोग नव्हता. आवाजाखाली बास होता, ड्रम होते. मला हसावं की रडावं कळेना. या माणसाकडे आवाज काढून टाकलेलं संगीत खोकी भरून होतं, आणि संगीत काढून टाकलेला आवाज कुठेच नव्हता.

मग राहिला वाचायचा मार्ग. शांत खोलीत बसून दिलेली वाक्यं वाचायची. भिंतीशी बोलता येत नाही म्हणून त्यांनी मला समोर बसायला बोलावलं. वाक्यं अगदीच बिनचवीची होती, कुत्रा बागेत गेला, डबा फळीवर आहे, तसली. त्यांनी चारपाच वाचली आणि मी चपापले. मला अनोळखी माणूस बोलतोय असं वाटलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"बँकेत बोलायचो तो."

मग त्यांनी घरातल्या आवाजात वाचून पाहिलं. बायकोशी बोलायचे तो आवाज. पण त्या आवाजात कुत्रा बागेत जाईना. त्यांना स्वतःलाच हसू आलं. राहिला माईकवरचा आवाज, तो ठेक्याशिवाय निघतच नव्हता. त्यांनी कागद खाली ठेवला आणि मला विचारलं, "नेबर, यातला कुठला देऊ?"

 मी माझाच हिशोब करू लागले. कौन्सिलला फोन करताना माझा एक आवाज आहे, वर्गात दुसरा होता, पुण्याला बहिणीशी बोलताना तिसराच निघतो आणि तो ऐकून आमची मुलगी म्हणते, आई, तू का ओरडतेस? उद्या मला कुणी म्हटलं की यातला एक ठेव, बाकीचे जातील, तर मी काय ठेवू? 

त्यांनी वाचणं सोडून दिलं. थोड्या वेळाने म्हणाले की त्यांना कॉम्प्युटर नकोच आहे. त्यांना आणखी एक रेकॉर्ड हवी आहे. जुन्या रेकॉर्डच्या व्हर्जनवर, आजच्या घशाने, स्वतः काढलेली. फक्त समोर माणसं हवीत. रिकाम्या खोलीत डीजे कुणीच नसतो. पण त्यांची माणसं उरली नव्हती. ड्रमवाला जमैकाला परत गेला होता, बासवाला देवाघरी. जिथे सगळे जमायचे त्या क्लबच्या जागी आता फ्लॅट आहेत.

मी म्हणाले, "माणसं आमच्याकडे आहेत."

बोलून गेले आणि मग आठवलं की आमच्याकडे ठरावही आहे.

आधी मी मुलीला कार्डिफला फोन केला. ती तिथे युनिव्हर्सिटीत शिकवते, इथेच जन्मली, आणि तिचं मराठी म्हणजे प्रत्येक वस्तूचं लिंग नव्याने ठरवण्याचा कार्यक्रम असतो. मी तिला शेजाऱ्यांचं टोपणनाव सांगितलं.  तशी ती म्हणाली, "आई, आर यू सीरियस? तुझी शेजारी तो आहे? लोक त्याचा रेकॉर्ड शोधत असतात."

"अगं पण तो नुसता बोलतो. गाणी लावत नाही. मग डीजे कसा?"

"तेच तर डीजे. रेगेमध्ये, त्यांच्या जमैकन संगीतात, डीजे म्हणजे माईकवर बोलणारा. रेकॉर्ड लावणारा सिलेक्टर असतो. तू उलटी समजलीस."

म्हणजे पुण्यात डीजे ही वस्तू, इंग्लंडच्या लग्नात गाणी लावणारा माणूस, आणि माझ्या कुंपणापलीकडे तोंडाने बोलणारा. मी कपाळाला हात लावला. पण त्यातूनच मला रस्ता सापडला.

सेक्रेटरींना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, ठराव आहे. मिनिट्समध्ये आहे."

"अहो, ते काहीच लावणार नाहीत. ते बोलतात."

"बोलतात म्हणजे?"

"संगीत चालू असतं आणि त्यावर बोलतात. प्रेक्षकांशी."

सेक्रेटरींनी विचार केला. "म्हणजे निवेदक."

मी म्हटलं, हो, निवेदक. आपल्याकडे गाण्याच्या कुठल्या कार्यक्रमात निवेदक नसतो? दोन गाण्यांच्या मध्ये उभा राहून तो गाण्यांपेक्षा जास्त वेळ बोलतो आणि आपण ऐकून घेतो. सेक्रेटरींचं समाधान झालं. कार्यक्रमपत्रिकेत मुलांच्या नाचानंतर आणि आरतीच्या आधी छापून आलं: 'निवेदन, आमचे शेजारी'. मी ते नेबरना भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले की इतका साधा हुद्दा त्यांना कुणी दिला नव्हता.

रविवारी दुपारी हॉल भरला होता. बाहेर पावसाची भुरभुर, आत ओल्या छत्र्यांचा आणि उदबत्तीचा वास. टेबलावर गणपती, मोदकांची ताटं, इल्फर्डहून आलेली पाहुणेमंडळी पहिल्या रांगेत. नेबर दोन दिवस कुणाशीच एक शब्द बोलले नव्हते, आवाज राखून ठेवला होता. त्यांनी तपकिरी सूट घातला होता आणि कॉलरखाली रुमाल बांधला होता. मी सारखी त्या रुमालाकडे बघत होते, आणि त्यांनी मला नजरेनेच दटावलं.

सिलेक्टर आमचे हे. रेकॉर्ड प्लेअर त्यांच्यापुढे, आणि ते सुई अशी धरून बसले होते की पेशंटला कळताही कामा नये. नेबरनी खिशातून हातात मावेल एवढं रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं, टेबलाच्या कडेला गणपतीपासून जरा दूर ठेवलं, लाल दिवा लागलेला बघितला आणि माईक घेतला. यांनी सुई टेकवली.

बास आला तसे सेक्रेटरी खुर्चीत ताठ झाले आणि खिडक्यांकडे बघू लागले. पण काचा शाबूत राहिल्या. नेबर बोलू लागले. घोगरा, खरखरीत आवाज, रेकॉर्डवरच्या पोरासारखा अजिबात नाही. त्यांनी दारातल्या चपलांपासून सुरुवात केली, इतके जोड, जाताना कोण कुणाचे घालून जाणार? मग गणपतीकडे वळले, याला गोड चालतं आणि माझा डॉक्टर मला नाही म्हणतो. मग उंदीर, मग पाऊस, मग वॉटफर्डचा रिंग रोड, ज्याच्यावर उंदीरसुद्धा रांगेत उभा राहील. सगळं ठेक्यात. अर्धं कळत होतं, अर्धं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या आजी हसल्या, मग टाळ्या धरल्या, आपण आरतीला धरतो तशा. त्या टाळ्या रेगेच्या बरोबर उलट्या जागी पडत होत्या. नेबरनी दोन ओळी ते ऐकलं आणि आपलं बोलणं सरकवून आजींच्या टाळीवर आणून ठेवलं. हे कसं केलं मला सांगता येणार नाही. मी फक्त बघितलं की सगळा हॉल हलायला लागला, सेक्रेटरींसकट.

संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पहिल्या रांगेतून सेक्रेटरीच ओरडले, "वन्स मोअर."

मागून दुसरा, मग सगळीकडून. वन्स मोअर, वन्स मोअर.

 नेबरनी हॉलभर नजर फिरवली, मग माझ्याकडे वळले. मी स्टेजच्या पायरीशी होते. माईक खाली करून त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तीनशे माणसं इंग्रजीत त्यांना सांगत होती, आता एकदाच, अजून एकदाच. मी म्हटलं, नाही हो, शप्पथ नाही. आमच्याकडे असंच म्हणतात. गाणं आवडलं की. नाटकात, मैफिलीत, कुठेही. याचा अर्थ फक्त पुन्हा म्हणा. कुणाला काही माहीत नाही. मी भराभर बोलत होते आणि माझा मलाच विश्वास वाटेना, कारण त्या शब्दांचा दुसरा अर्थ मलाही त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आला होता.

त्यांनी मान हलवली. "बरोबर बोलतायत ते," म्हणाले, आणि यांना बोटाने खूण केली. यांनी सुई उचलून पुन्हा सुरुवातीला नेली.

दुसऱ्या खेपेला ते चपला आणि उंदीर बोलले नाहीत. ते बसच्या वरच्या मजल्यावर गेले. धुकं, अर्धं उघडणारं दार, बायको पहिल्यांदा भेटली तो स्टॉप. मध्ये आवाज फाटला, तर फाटलेल्या आवाजातच पुढे गेले. बँकेतला, घरातला, माईकवरचा, हे वेगळे करणं मी सोडून दिलं. मला रडू येत होतं आणि समोर सगळे खुशीत टाळ्या वाजवत होते, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर होतं. त्यांनी शेवटचा शब्द म्हटला, माईक टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

आपली माणसं एका वन्स मोअरवर थांबत नाहीत. मागच्या रांगांतून पुन्हा सुरू झालं. सेक्रेटरी तर उभेच राहिले. नेबरनी खाकरून पाहिलं, हात रुमालाकडे गेला, आणि मग तो हात माईककडे जायला लागला. ते नाही म्हणणार नव्हते. मला दिसत होतं.

मी वळले आणि ओरडले, "पुरे."

वर्गातला आवाज. निवृत्तीनंतर प्रथमच निघाला. हॉल चिडीचूप झाला. एक लहान मूल रडायला लागलं. आजींच्या टाळ्या हवेतच राहिल्या. सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत होते की जणू मी गणपतीसमोरच्या पाहुण्याचा अपमान केलाय. मी काहीही सांगू शकत नव्हते, कारण शब्द दिला होता. कुणीतरी घाईघाईने आरती सुरू केली. मंडळात अजूनही माझ्यामागे बोललं जातं की बाईंना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. मी ऐकून घेते. माझ्या स्वभावाला हे बरंच जड जातं.

ऑपरेशन झालं, नीट झालं. नेबर घरी आले तेव्हा पानं गळत होती. गळ्यापाशी फडक्याचा छोटा पडदा, हातात पांढरी पाटी आणि मार्कर. झडपेचं पुढे बघू, असं त्यांनी पाटीवर लिहिलं. एका दुपारी त्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांनी हॉलमधल्या रेकॉर्डिंगची एकच तबकडी करून घेतली होती. यांनी ती लावली. चपला, उंदीर, आजींच्या टाळ्या, वन्स मोअर, मग बस, धुकं. आणि अगदी शेवटी, संगीत संपल्यावर, टाळ्यांवरून सुरीसारखा माझा आवाज. पुरे. त्यानंतर काही नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, हे कापा. एवढं कापता येतं की. तुमच्या शेवटच्या रेकॉर्डवर शेवटचा आवाज माझा कसा? त्यांनी मान हलवली, नाही. पाटीवर लिहिलं: निर्माता मी आहे. मग पुसून लिहिलं: अर्थ काय त्याचा?

मी सांगायला लागले. वर्गात दंगा वाढला की म्हणतो, गप्प बसा, थांबा, तो पुरे. आणि जेवताना कुणी आग्रह करत वाढायला आलं, आणि आपलं पोट भरलेलं असलं, की ताटावर आडवा हात धरून म्हणतो, तोही पुरे. शब्द एकच. मी हात धरून दाखवला. त्यांनी लिहिलं: तुम्ही कुठला म्हणालात?

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. रागाने ओरडले होते की मायेने, लोकांवर की त्यांच्यावर की त्या ऑपरेशनवर, मला आजही उलगडत नाही. मी तसंच सांगितलं. त्यांनी पाटी पुढे केली, लिहून दाखवा. मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पी यू आर ई. त्यांनी ते वाचलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते, आवाजाशिवाय. मग मार्कर घेऊन तबकडीच्या कोऱ्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत तेच उतरवलं. नाव म्हणून.

"अहो, लोक हे प्युअर वाचतील," मी म्हणाले.

वाचू दे, त्यांनी लिहिलं.

यांना कळलं नव्हतं आम्ही काय बोलतोय, की कळलं होतं, देव जाणे. ते सुई पुन्हा सुरुवातीला न्यायला वाकले. नेबरनी पुढे होऊन तबकडीवर आडवा हात धरला. हे थांबले. मग यांनी सुई तिच्या जागी ठेवून दिली, आणि मी चहा टाकायला उठले.